नोकरीच्या अर्जासोबत कव्हर लेटर जोडायचं का? कुठे, केव्हा आणि कसं

गेली चौदा वर्षं मी पुणे परिसरातल्या कारखान्यांमध्ये एचआरचं काम करते. आधी भोसरी, आता चाकण. एक प्रश्न मला सतत विचारला जातो. भाचा विचारतो, शेजारच्या काकूंची मुलगी विचारते, कॉलेजात बोलायला गेले की मागच्या बाकावरून हात वर होतो: "मॅडम, बायोडाटासोबत कव्हर लेटर लावायचं का? कुणी वाचतं का ते?"

कव्हर लेटर म्हणजे आपण कोण आणि या कामाला योग्य का, हे सांगणारं बायोडाटासोबतचं छोटं पत्र. खरं सांगायचं तर बऱ्याच ठिकाणी ते कुणी वाचत नाही. आणि जिथे वाचतात तिथे त्यावरून मुलाखतीचा कॉल येतो, हेही तितकंच खरं. म्हणून सरसकट "हो" किंवा "नाही" असं उत्तर मी देत नाही. दर अर्जाला वेगळं ठरवावं लागतं, पण सवय झाली की ते ठरवायला दोन मिनिटं पुरतात.

एक अनुभव सांगते. दोन वर्षांपूर्वी आम्हाला स्टोअर असिस्टंट हवा होता. जाहिरातीत ईमेल आयडी दिला होता. तीन दिवसांत दोनशेच्या वर मेल आले. निम्म्याहून जास्त मेल आतून कोरे, विषयाच्या जागी नुसतं "रेझ्युमे", खाली एक फाइल. ते माझं कामच आहे, म्हणून मी प्रत्येक फाइल उघडली. पण संध्याकाळपर्यंत सगळे बायोडाटा एकसारखेच दिसायला लागतात. त्यात एका मुलाच्या मेलमध्ये पाच ओळी होत्या. सध्या रांजणगावला स्टोअरमध्ये आहे. तुम्ही एसएपी (कंपन्यांमध्ये मालाच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर) मागितलंय, त्यावर दीड वर्ष काम केलंय. राहायला तळेगावला आहे, रोजचा प्रवास फार होतो म्हणून चाकणला काम शोधतोय. तिन्ही शिफ्ट चालतील. नोटीस पिरियड, म्हणजे राजीनाम्यानंतर जुन्या कंपनीत काढायचे दिवस, तीस.

वेगळी फाइल नव्हती, छापील नमुनाही नव्हता. मी फोन उचलून जे विचारणार होते त्याची सगळी उत्तरं त्या पाच ओळींत होती. त्याला त्याच दुपारी फोन केला. माझ्या लेखी तेच कव्हर लेटर.

आधी बघा, अर्ज जातोय कुठे

सगळ्यात आधी हे बघायचं, कारण अर्ध्या वेळा निर्णय इथेच लागतो.

सरकारी भरतीत कव्हर लेटरचा प्रश्नच येत नाही. एमपीएससी असो, रेल्वे असो की बँकांसाठीची आयबीपीएस, सगळीकडे ठरलेला ऑनलाइन फॉर्म असतो. तिथे दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि फॉर्ममधलं नाव जुळतंय का, जातीच्या आणि नॉन-क्रीमीलेअरच्या दाखल्याच्या तारखा बरोबर आहेत का, याकडे लक्ष द्या. आयबीपीएसच्या फॉर्मला स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं एक घोषणापत्र (डिक्लरेशन) अपलोड करावं लागतं. त्याचा मजकूर त्यांनीच दिलेला असतो, तो इंग्रजीत जसाच्या तसा लिहायचा आणि सगळा मोठ्या लिपीत, म्हणजे कॅपिटलमध्ये लिहायचा नाही. घाईत तीच चूक करणारी मुलं मी पाहिली आहेत.

कॅम्पसमधून शेकड्याने मुलं घेणाऱ्या आयटी कंपन्यांनाही पत्र लागत नाही. तिथे चाळणी लागते ती परीक्षेची आणि टक्केवारीची.

नोकरी डॉट कॉमसारख्या पोर्टलवर काय होतं ते नीट समजून घ्या. आम्ही रिक्रूटर तिथे बहुतेक वेळा उमेदवार शोधून काढतो: अनुभव किती, शहर कोणतं, कौशल्यं कोणती, पगार किती, नोटीस पिरियड किती. या शोधात पत्राला जागाच नाही. नावाखाली दिसते ती रेझ्युमे हेडलाइन. तिथे "मेहनती आणि प्रामाणिक उमेदवार" असं लिहिलेलं असेल तर ती ओळ वाया गेली. "स्टोअर असिस्टंट, एसएपी, वाहन उद्योग, 2 वर्षं 8 महिने, 30 दिवसांत रुजू" असं लिहिलंत तर त्या एका ओळीने पत्राचं काम होतं. पत्रावर तासभर घालवण्यापेक्षा तिथे दहा मिनिटं द्या.

लिंक्डइनवर एका क्लिकने अर्ज जातो. तिथे कंपनीने विचारलेले दोन-चार प्रश्न असतात, त्यांची उत्तरं नीट द्या. जाहिरात कुणी टाकली त्याचं नाव दिसत असेल तर त्या व्यक्तीला तीन-चार ओळींचा निरोप पाठवायला हरकत नाही. "हाय सर, एनी व्हेकन्सी?" असा निरोप मात्र नको. असे निरोप रोज येतात, आणि त्यातून समोरचा कोण आहे, त्याला काय हवंय, काहीच कळत नाही.

मोठ्या कंपन्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर फॉर्म भरताना कव्हर लेटरसाठी एक रकाना असतो आणि शेजारी "ऐच्छिक" असं लिहिलेलं असतं. लोक अडतात ते इथेच. माझं मत असं: लिहिणं-बोलणं हाच ज्या कामाचा भाग आहे, म्हणजे जनसंपर्क, मजकूर लेखन, संस्थात्मक काम, अध्यापन, तिथे हा रकाना रिकामा ठेवू नका. तिथे पत्र हाच तुमच्या कामाचा पहिला नमुना असतो. बाकी पदांसाठी पुढची पायरी बघा आणि मग ठरवा. रकाना रिकामा आहे म्हणून मी कुणाला बाजूला काढलेलं नाही. जाहिरातीत "कव्हर लेटर आवश्यक" असं स्पष्ट म्हटलेलं असेल, तर मात्र न जोडणं म्हणजे सूचना न वाचणं.

ईमेलने अर्ज करत असाल तर मेलमध्ये पाच-सहा ओळी हव्यातच. त्याला अपवाद नाही. हल्ली लहान कारखाने, दुकानं, दवाखाने व्हॉट्सॲप नंबरच देतात. तिथेही फाइलच्या आधी तीन ओळी लिहा: नाव, कोणतं पद, सध्या काय करता आणि कुठे राहता.

ओळखीतून अर्ज जात असेल तर एक गोष्ट कुणी सांगत नाही. तुमचा मित्र किंवा ताई तुमचा बायोडाटा त्यांच्या साहेबांना पुढे पाठवणार असते. सोबत काय लिहायचं, हे तिला सुचत नाही, आणि शेवटी "माझ्या ओळखीचा आहे, बघा जमलं तर" एवढंच जातं. म्हणून जसाच्या तसा पुढे ढकलता येईल असा चार ओळींचा मजकूर तुम्हीच तिला लिहून द्या. त्या चार ओळी साहेबांपर्यंत पोचतात.

मग स्वतःला विचारा, बायोडाटात न मावणारं काही आहे का?

बायोडाटा तुम्ही काय केलं ते सांगतो. का केलं, मधे का थांबलात, आता इकडे का वळताय, हे त्याला सांगता येत नाही. एचआरच्या मनात अशी शंका येणार असेल तर पत्र लिहा. शंका येण्यासारखं काही नसेल तर मेलमधल्या ओळी पुरेत.

आमच्याकडे सगळ्यात जास्त दिसणारी शंका म्हणजे स्पर्धा परीक्षांची वर्षं. बीई किंवा बीएस्सी झालेला मुलगा, 2019 ते 2023 कोरी. सदाशिव पेठेत खोली घेऊन, अभ्यासिकेत बारा-बारा तास बसून काढलेली ती वर्षं असतात. मुलं लाजून ती लपवतात, नाहीतर कुठल्या तरी मित्राच्या फर्मचा खोटा अनुभव दाखवतात. तो खोटा अनुभव कागदपत्र तपासणीत उघडा पडतो आणि हातात आलेली ऑफर जाते. हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय, आणि दर वेळी वाईट वाटतं. कारण खरं सांगितलं असतं तर ती नोकरी त्याला मिळाली असती.

या मुलांसाठी कव्हर लेटर फार कामाचं आहे. एचआरला भीती वाटते ती एकाच गोष्टीची: पुढची जाहिरात निघाली की हा जाईल. तेव्हा त्या भीतीचंच उत्तर लिहा. "2019 ते 2023 या काळात एमपीएससीची तयारी केली. पूर्व परीक्षा दोनदा उत्तीर्ण झालो. त्याच काळात खर्चासाठी एका खासगी क्लासमध्ये आठवी ते दहावीला गणित शिकवलं. परीक्षा देणं मागच्या वर्षी थांबवलं आहे आणि आता उत्पादन क्षेत्रातच पुढे जायचं ठरवलं आहे." चार वाक्यं. लाजण्यासारखं यात काही नाही. फक्त परीक्षा देणं खरंच थांबवलं असेल तरच तसं लिहा.

मुलं लहान म्हणून नोकरी सोडलेल्या बायका आणि घरातल्या आजारपणासाठी घरी थांबलेले लोक यांचंही तसंच. कारण एका वाक्यात सांगा. आजाराचा तपशील, घरची अडचण, पैशाची ओढाताण हे लिहू नका. ते वाचून वाईट वाटतं, पण निवड त्यावर होत नाही. आज काय बदललंय ते मात्र आवर्जून लिहा: "मुलगी आता शाळेत जाते आणि पूर्ण वेळ काम करणं मला शक्य आहे. मधल्या काळात टॅलीचा कोर्स पूर्ण केला."

गाव बदलायचं असेल तेव्हाही पत्र हवं. नागपूरचा किंवा नांदेडचा पत्ता दिसला की पुण्यातला एचआर मनात म्हणतो, हा येईल का, राहील का? "भाऊ पिंपरीला राहतो, राहण्याची सोय आहे, दोन दिवस आधी कळवलंत तर मुलाखतीला येऊ शकते," एवढं लिहिलं की पत्त्याची अडचण उरत नाही.

क्षेत्र बदलणाऱ्यांनीही लिहावं. सिव्हिल करून विक्रीकडे जाणारा, शिक्षकी सोडून ट्रेनिंगच्या कामात येणारी, अशांचा बायोडाटा वाचणारा गोंधळतो. जुन्या कामातली कोणती गोष्ट नव्या कामात उपयोगी पडेल, ते एका उदाहरणाने दाखवा.

पत्रामुळे नुकसान कधी होतं

दुसऱ्याच कंपनीचं नाव राहिलेलं असेल तेव्हा. हे इतक्यांदा होतं की मी त्याबद्दल मुलांना वर्गात आधी बजावते. पत्र नसतं तर तुमचा बायोडाटा निदान वाचला गेला असता.

दुसरं, कुणाच्याही नावाने चालेल असं पत्र. "आपल्या नामांकित कंपनीत काम करण्याची संधी मिळाल्यास मी माझ्या ज्ञानाचा पुरेपूर उपयोग करून कंपनीच्या प्रगतीस हातभार लावीन." हे वाक्य मी हजार वेळा वाचलंय. त्यात चूक काहीच नाही, पण त्यात तुम्ही कुठेच नाही. लिहिलेल्या प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून विचारा, माझ्या वर्गातल्या कुणीही हे वाक्य लिहिलं असतं का? लिहिलं असतं तर खोडा.

चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेल्या पत्रांचं दुखणंही हेच. व्याकरण सुंदर, आणि दहा जणांची पत्रं सख्ख्या भावंडांसारखी. त्याची मदत घेऊ नका असं मी म्हणणार नाही. इंग्रजी कच्चं असलेल्या मुलांना त्याचा मोठा आधार आहे. पण आधी तुमच्या कामाच्या गोष्टी मराठीत स्वतः लिहा, मग त्या सोप्या इंग्रजीत मांडायला सांगा. मुलाखतीत जे शब्द तुमच्या तोंडून येणार नाहीत ते पत्रातून काढा.

आता लिहायला बसू

जाहिरात समोर ठेवा. आमचीच घेऊ: "स्टोअर असिस्टंट. पदवी किंवा डिप्लोमा. 2 ते 3 वर्षं अनुभव. स्टॉक टॅली, जीआरएन, एसएपी, फिफो. शिफ्टमध्ये काम करण्याची तयारी. चाकण."

स्टॉक टॅली म्हणजे प्रत्यक्ष माल आणि नोंदीतला आकडा जुळवणं, जीआरएन म्हणजे आलेल्या मालाची पोच-नोंद, फिफो म्हणजे आधी आलेला माल आधी वापरणं. जाहिरात कुणीतरी अडचणीत असताना लिहिलेली असते. कामांच्या यादीत "स्टॉक टॅली" सगळ्यात आधी का आलं? कारण आमच्या स्टोअरमधला माल आणि संगणकातला आकडा जुळत नव्हता, आणि ऑडिटमध्ये तो शेरा आला होता. हे बाहेरच्याला माहीत असायचं कारण नाही, पण यादीत जे पहिलं लिहिलंय तेच बहुतेक वेळा दुखत असतं, एवढं धरून चालायला हरकत नाही. तुमचा मुख्य परिच्छेद त्यावर लिहा. बाकी सगळं बायोडाटात आहेच.

पत्र असं होईल:

*विषय: स्टोअर असिस्टंट पदासाठी अर्ज (अनुभव 2 वर्षं 8 महिने, नोटीस 30 दिवस)*

*मा. महोदय/महोदया,*

*स्टोअर असिस्टंट पदाची आपली जाहिरात पाहून हा अर्ज पाठवत आहे. सध्या मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअरमध्ये काम करतो. आलेला माल चलनाशी ताडून पाहणं, जीआरएन करणं आणि एसएपीमध्ये नोंद घेणं ही माझी रोजची कामं आहेत.*

*आमच्या स्टोअरमध्ये सुमारे 1,400 प्रकारचे भाग आहेत. पूर्वी वर्षातून एकदाच मोजणी व्हायची आणि बरेच फरक निघायचे. मागच्या वर्षीपासून मी आणि माझा सहकारी रोज 25 भाग मोजतो. फरक दिसला की त्याच दिवशी चलन आणि इश्यू स्लिप काढून कारण शोधतो. मार्चच्या मोजणीत फरक आलेले भाग 96 वरून 22 वर आले.*

*मी तळेगावला राहतो आणि तिन्ही शिफ्टमध्ये काम करू शकतो. नोटीस पिरियड 30 दिवसांचा आहे. बायोडाटा सोबत जोडला आहे. मुलाखतीसाठी कोणत्याही दिवशी दुपारी 3 नंतर येऊ शकेन.*

*आपला विश्वासू,*

दीडशेच्या आत शब्द आहेत. फोनच्या पडद्यावर फारसं खाली न सरकवता वाचून होतं, आणि आम्ही बहुतेक अर्ज आधी फोनवरच बघतो. पत्राचा जीव दुसऱ्या परिच्छेदात आहे. "मी शिस्तप्रिय आहे" असं तो कुठेच म्हणत नाही. रोज 25 भाग मोजणारा माणूस कसा असेल हे मला आपोआप कळतं. "मी आणि माझा सहकारी" हे शब्दही मला आवडतात. सगळं श्रेय एकट्याने घेणाऱ्यावर स्टोअर मॅनेजरचा विश्वास बसत नाही.

आकडे खरेच हवेत. मुलाखतीत मी पहिला प्रश्न विचारणार, 22 भागांमधला फरक कशामुळे राहिला? ज्याने काम केलंय तो लगेच सांगतो, बोल्ट वजनावर घेतो आणि नगावर देतो, तिथे चुकतं. ज्याने आकडा बनवलाय तो गप्प होतो.

नवीन मुलं म्हणतात, आमच्याकडे आकडेच नाहीत. असतात, पण तुम्ही ते अनुभवात धरत नाही. बी.कॉम. झालेली एक मुलगी माझ्याकडे पत्र दाखवायला आली होती. पत्रात "फ्रेशर असून शिकण्याची तयारी आहे" एवढंच. बोलता बोलता कळलं की वडिलांच्या किराणा दुकानाचा हिशेब ती तीन वर्षं टॅलीत ठेवते, जीएसटीचे कागद महिन्याच्या महिन्याला सीएकडे तीच पोचवते, उधारीची वही तिच्याकडेच असते. मी म्हटलं, अगं, हेच तर लिहायचं! अकाउंट्स असिस्टंटला आम्ही आणखी काय करायला सांगतो? गणपती मंडळाचा जमाखर्च, आयटीआयनंतरची अप्रेंटिसशिप, डिप्लोमाच्या प्रोजेक्टमध्ये प्रत्यक्ष लेथवर काढलेला भाग, यातलं जे पदाशी जुळतं ते घ्या. एकच घ्या, पण नीट सांगा.

पगाराबद्दल विचारलेलं नसेल तर पत्रात लिहू नका. विचारलं असेल तर टाळू नका, सध्याचा आणि अपेक्षित आकडा सरळ द्या. जुनी कंपनी वाईट होती, साहेब त्रास देत होते, हे पत्रात कधीही नको, कितीही खरं असलं तरी. मला माझ्या पहिल्या नोकरीत त्रास झाला होता, आणि दुसरीकडे अर्ज करताना मी तो अर्धं पान लिहिला होता. त्या अर्जाला कुणी उत्तर दिलं नाही. आज त्या जागी मी बसते आणि मला कारण कळतं: माझ्या कामाबद्दल त्यात एकच ओळ होती.

मराठीत की इंग्रजीत?

ज्या भाषेत जाहिरात, त्या भाषेत पत्र. खासगी कंपन्यांत बहुतेक वेळा इंग्रजी. पतसंस्था, सहकारी बँका, साखर कारखाने, मराठी शाळा, स्थानिक ट्रस्ट आणि मराठी वृत्तपत्रं यांना मराठीत लिहा, आणि शुद्धलेखन कुणाकडून तरी तपासून घ्या.

मराठी अर्ज आपण शाळेत शिकलेलो असतो: प्रति, विषय, संदर्भ, "वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज करतो की". संस्थांना तो साचा चालतो, किंबहुना आवडतो. पण त्या पहिल्या वाक्यानंतर "तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा" असं म्हणून थांबू नका. मधे तुमच्या कामाचा एक परिच्छेद घाला. नोकरी म्हणजे कुणी केलेला उपकार नव्हे, त्यामुळे सहानुभूती मागायची गरज नाही.

महाविद्यालयातल्या सहायक प्राध्यापक पदासाठी टपालाने अर्ज मागवतात तेव्हा पत्राचं काम वेगळं असतं. तिथे पत्र म्हणजे फाइलचं पहिलं पान: जाहिरातीचा दिनांक आणि वृत्तपत्र, विषय, प्रवर्ग, आणि खाली "सोबत" म्हणून क्रमाने सगळ्या साक्षांकित प्रतींची यादी. आरक्षित प्रवर्गाच्या उमेदवारांनी अर्जाची एक प्रत विद्यापीठाच्या आरक्षण कक्षाकडे पाठवावी, असं अशा जाहिरातींत लिहिलेलं असतं. ती ओळ शोधा आणि प्रत पाठवल्याचा उल्लेख पत्रात करा. आधीच नोकरीत असाल तर अर्ज योग्य मार्गाने, म्हणजे सध्याच्या संस्थेमार्फत मागितलाय का, तेही बघा.

इंग्रजी पत्रात "आय बेग टू स्टेट" आणि "काइंडली डू द नीडफुल" आता सोडून द्या. "रिस्पेक्टेड सर" आपल्याकडे चालतं, पण वाचणारी बाई असू शकते. नाव माहीत नसेल तर "डिअर सर/मॅडम" किंवा "डिअर हायरिंग टीम". छोटी वाक्यं लिहा. साधं आणि बरोबर इंग्रजी अवजड इंग्रजीपेक्षा कितीतरी बरं वाचलं जातं.

परदेशी अर्ज करत असाल तर

2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला, तेव्हापासून आयटीआय आणि नर्सिंगची मुलं जर्मनीच्या अर्जाबद्दल विचारायला लागली आहेत. तिथे कव्हर लेटरला आनश्राइबेन म्हणतात आणि पारंपरिक अर्जात त्याला पक्कं स्थान आहे: एक पान, कोणत्या पदासाठी, का, कधीपासून रुजू होऊ शकता, आणि जाहिरातीत विचारलं असेल तर पगाराची अपेक्षा. जर्मन भाषेची पातळी बी1 आहे की बी2, हे स्वच्छ लिहा. तिथेही हे बदलतंय. जर्मन रेल्वे कंपनी डॉइचे बानने 2018 मध्ये प्रशिक्षणार्थींच्या अर्जासाठी पत्राची अट काढून टाकली. म्हणून दर वेळी जाहिरात वाचूनच ठरवा.

इंग्लंडच्या एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, वेगळं पत्र लागत नाही, पण फॉर्ममध्ये "सपोर्टिंग इन्फर्मेशन" नावाचा मोठा रकाना असतो. पदासोबत दिलेल्या "पर्सन स्पेसिफिकेशन"मधल्या आवश्यक अटींना धरून तिथे लिहायचं असतं, आणि त्या अटींवरच अर्ज निवडले जातात. आपल्या परिचारिका तिथे "मला रुग्णसेवेची आवड आहे" असं लिहितात. प्रत्येक अटीसमोर स्वतःच्या वॉर्डमधलं एकेक उदाहरण द्यायला हवं.

पाठवण्याआधी

मेलमध्ये मजकूर लिहिला असेल तर तेच पत्र वेगळ्या फाइलमध्ये पुन्हा जोडू नका. मुद्दाम मागितलं असेल तर पत्र आणि बायोडाटा एकाच पीडीएफमध्ये द्या, पत्र आधी. फाइलला तुमचं नाव आणि पद द्या. माझ्या संगणकात "न्यू रेझ्युमे फायनल 2" नावाच्या कितीतरी फाइल पडलेल्या आहेत, त्यातली कुणाची कोणती ते शोधावं लागतं.

एकच मेल चाळीस कंपन्यांना, आणि सगळ्यांचे पत्ते एकमेकांना दिसतायत, असं करू नका. प्रत्येकीला वेगळा मेल पाठवा. जुना मेल पुढे ढकललात तर वर "फॉरवर्ड" दिसतं, म्हणून नवा मेल उघडा. आधार आणि पॅनकार्डाच्या प्रती पहिल्या अर्जासोबत पाठवायची काही गरज नसते. त्या निवड झाल्यावर मागतात. अर्जाच्या टप्प्यावर कुणी पैसे मागत असेल तर तिथेच थांबा.

सगळं जोडून झालं की मेल आधी स्वतःला पाठवा आणि फोनवर उघडून बघा. कंपनीचं नाव, पदाचं नाव, फाइल उघडते का, मोबाइल नंबर बरोबर आहे का. बायोडाटावरचा जुना नंबर बदलायचा राहिला म्हणून कॉल न लागलेले उमेदवार दर भरतीत एक-दोन तरी असतातच.

आठ दिवसांत काही कळलं नाही तर त्याच मेलला उत्तर म्हणून दोन ओळी लिहा: अर्जाची तारीख, पद, आणि अजून इच्छुक आहे. एकदाच. रोज फोन करू नका.

आणि पाठवलेलं प्रत्येक पत्र कंपनीच्या नावाने जपून ठेवा. मागच्या वर्षी क्वालिटी विभागाच्या मुलाखतीत मी एका मुलीला तिच्याच पत्रातल्या रिजेक्शनच्या, म्हणजे तपासणीत नाकारलेल्या मालाच्या, आकड्याबद्दल विचारलं. ती गोंधळली, कोणत्या कंपनीला काय लिहिलं ते तिला आठवेना. मग तिने पिशवीतून फाइल काढली, आमच्या नावाचा कागद शोधला, एकदा वाचला आणि वर बघून म्हणाली, "हा आकडा फेब्रुवारीचा आहे मॅडम, मार्चचा याहून कमी आला, सांगू का?" मी खुर्ची पुढे ओढली आणि पुढची वीस मिनिटं आम्ही फक्त त्या आकड्यावर बोललो.